दगडातला अंबाडा

वहिनीला तिच्या पार्लरपलीकडे कशातच रस नव्हता. दादाने आम्हाला जुनं देऊळ बघायला नेलं, तेव्हाही ती कुरकुरतच निघाली. पण दर्शन घेऊन बाहेर आलो तर वहिनी गायब! शोधत मागच्या अंगाला गेले, तर ती भिंतीवरच्या एका कोरीव बाईसमोर खिळून उभी. त्या बाईच्या हातात आरसा होता आणि भलाथोरला अंबाडा एका कानावर कलला होता.

“हा पडत कसा नाही?” वहिनीने विचारलं.

“दगडाचा आहे म्हणून,” दादा म्हणाला.

वहिनी हसली नाही.

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. गिऱ्हाइकाचे केस कापता कापता कात्री मधेच थांबायची. घरी माझ्यामागे लागायची. नणंदेचं डोकं म्हणजे हक्काचं! माझे कमरेपर्यंतचे केस ती पिळायची, गुंडाळायची. मी उठले की सगळं पाठीवर. पिना लावू का म्हटलं तर खेकसायची, “तेव्हा कुठल्या आल्या पिना?”

मागची गाठ बघायला ती एकटीच परत त्या देवळात गेली. पण मूर्तीची पाठ भिंतीतच. कारागिराने ती घडवलीच नव्हती. वहिनी हिरमुसली, पण गप्प बसेल तर शपथ! पायाला भिंगरी लावून तिने देवळांमागून देवळं पालथी घातली.

“देवाला हात तरी जोडतेस का?” दादा वैतागला.

“जोडते की. भिंती बघून झाल्यावर.”

एकदा तिने मलाही एका पडक्या देवळात ओढून नेलं. आतल्या खांबावर एक नर्तकी आमच्याकडे पाठ करून उभी होती. कण्याची नाजूक पन्हळ, कमरेचा बाक, आणि मानेवर ती गाठ: एक पेड दुसऱ्याखालून काढून वर अडकवलेला. वहिनीने मला तिथेच जोत्यावर बसवलं आणि माझे केस बांधले.

“मान हलव. आता उडी मार.”

मारली. अंबाडा जागचा हलला नाही.

वाटलं, हिचं कोडं सुटलं एकदाचं. पण वहिनीची नजर खांबावरच.

“कुणाला तरी असं पाठमोरं उभं करूनच घडवली असेल ना ही? कोण असेल गं ती? तिचे केस कुणी बांधले असतील?”

मला काय माहीत!

आता तो अंबाडा घालून घ्यायला बायका लांबून येतात. सुटीला मात्र पार्लरला कुलूप, आणि आम्ही दोघी कुठल्या तरी देवळाच्या वाटेवर.