काळ्या मातीत राख

आमचे अण्णा गवंडी. ईट गावाजवळ अक्काच्या सासरी त्यांनी लेकीला दोन खोल्या बांधून दिल्या आणि दुसऱ्याच पावसाळ्यात भिंती तडकल्या. हात जाईल एवढी चीर! "बापानं बांधलंय व्हय?" असं कुणीतरी हसत विचारलं, ते अण्णांच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून ते लेकीच्या घरात पाऊल टाकेनात. यायचे, अंगणात चहा प्यायचे, परत एसटी. अक्का आत रडत बसायची. मला दोघांचाही राग यायचा.

"काळी माती हाय, कुणाचंबी घर फोडती," एवढंच अण्णा म्हणायचे.

मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मला खरं कारण माहीत होतं. अण्णांनी भर उन्हाळ्यात पाया खणला आणि जमिनीच्या भेगा वाळूनं भरून घेतल्या. आमच्याकडं बरेच गवंडी तसंच करतात. पण पावसात काळी माती फुगते. भेगा बुजल्या की तिला फुगायला जागा उरत नाही, मग ती घरच वर उचलते. माझी जीभ एरवी कुणाला सोडत नाही, पण इथं गप्प बसले.

अक्कानं ते पाडून नवं बांधायचं काढलं, तेव्हा मी साखर कारखान्यानं फेकलेली राख ट्रॉलीभर आणली. "राखंवर घर? येड लागलं का तुला!" अण्णा भडकले. मी नुसत्या मातीचा एक लाडू वळला, राख नि चुना मिसळून दुसरा. आठवडाभर ओलसर ठेवले, मग वाळवून पाण्याच्या घमेल्यात सोडले. पहिल्याचा तासाभरात चिखल झाला. दुसरा तसाच. अण्णांनी तो बोटानं दाबला, पुन्हा दाबला. दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन स्वतःच कालवायला उभे राहिले. पाया त्यांनीच थर देऊन ठोकला. पण घरभरणीला आत आले नाहीत. "तीन पावसाळे जाऊ द्या," म्हणाले.

तिसरा परवा सरला. अण्णांनी भिंतीवर हात फिरवत घराला चक्कर मारली. एक भेग नाही! मला वाटलं, आता खूश होतील. ते मटकन पायरीवर बसले.

"म्हंजे दोष मातीचा न्हवता. त्याच जागंवर उभं हाय की घर. आधीचं माझ्याच हातानं फुटलं."

एवढा खटाटोप करून मातीला दोष द्यायचा त्यांचा एकमेव आधार मी काढून घेतला होता.

"न्हाय अण्णा. कुणीबी बांधलं असतं तरी ते फुटलंच असतं." मातीबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "लई लबाड हायस," म्हणाले, चपला काढल्या आणि आत गेले.