वरच्या डोहातली मेंढरं

बहिणीचं बाळ तेव्हा आठ महिन्यांचं होतं आणि जुलाबांनी पार मलूल झालं होतं. नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्यानं पाजणं चाललं होतं. सकाळी निघताना मी बहिणीला चांगलं दमात घेतलं, "थांबू नकोस. झोपलं तरी उठवून पाज." ती पाणी उकळून घेत होती, तेवढाच मला धीर.

घर सोडून जायचं जिवावर आलं होतं, पण गावात परदेशातले चार पाहुणे यायचे होते. एकाच मोठ्या सरोवराच्या काठावर त्यांचे चार देश. एकानं घाण सोडली की ती दुसऱ्याच्या दारात. सगळ्यांनी मिळून ते पाणी कसं जपायचं याचा करार करायच्या खटपटीत ते होते, आणि त्यासाठीच पुण्याला अभ्यासाला आले होते. मुळशीचं धरण दाखवायचं, जाता जाता काठावरचं एखादं गाव दाखवायचं, असं वर कुणीतरी ठरवलं. अख्ख्या गावात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी एकटीच, शाळेत शिकवायचे. सरपंच एरवी मला 'पोरी' म्हणायचे, त्या दिवशी मी 'बाई' झाले.

पाहुण्यांची तर तऱ्हाच होती. चौघांतले दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. त्यातला एक वरच्या अंगाच्या, कारखान्यांच्या देशाचा. दुसरी बाई होती, सगळ्यांत खालच्या देशाची. जीपमध्येसुद्धा तो पुढे आणि ती मागे. म्हटलं, झाला यांचा करार! यांच्यापेक्षा आमच्या वाडीतल्या जावा बऱ्या.

धरणाच्या काठावर उभं राहून सरपंच आमचा रिवाज सांगत होते आणि मी तो इंग्रजीत करत होते. रिवाज खरंच चांगला होता. दिवाळीनंतर लोकर कातरायच्या आधी धनगर मेंढरं धुवायचे. गोचीड मारायची पावडर अंगाला चोळायची आणि मग पाण्यात घालायची. ती विषारी पावडर. म्हणून मेंढरं ओढ्यात कधी घालायची नाहीत, कारण ओढ्याचं पाणी आमच्या बौद्धवाडीला प्यायला. ती थेट धरणाच्या काठाला न्यायची, सगळ्यांच्या खाली. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मोडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. धरणातलं पाणी पुढे कोण पितं, हा विचार आमच्यापैकीही कुणी कधी केला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

खालच्या देशाच्या बाईला हे फार आवडलं. ती म्हणाली, मेंढरं बघायची आहेत. मी विचारलं, तसे सरपंच खुशीत येऊन म्हणाले, "आज हितं न्हाईत. पाव्हन्यांना वास नको, काठ घान दिसाया नको, म्हनून वरच्या डोहात धाडलीत धुवायला. सकाळीच."

वरचा डोह टेकडीमागचा, त्याच ओढ्यातला. तिथलं पाणी वाहत येतं ते आमच्या डवऱ्यात, म्हणजे ओढ्याच्या वाळूत खणलेल्या खड्ड्यात. बहीण तिथूनच हंडा भरायची. उकळून जंतू मरतात, विष थोडंच जातं? भाषांतर कुठलं आणि काय, मी सरपंचांनाच विचारलं, "आमच्या वाडीला सांगितलं का कुणी?"

सरपंचांनी वळून टेकडीकडं पाहिलं. पाहुण्या बाईनं माझा चेहरा पाहिला. मी तुटक इंग्रजीत सांगितलं, बाळ, पाणी, विष. तिनं कुणाला विचारलं नाही. मला जीपमध्ये ढकललं, स्वतः बसली आणि ड्रायव्हरला हातानं खूण केली. तो वरच्या देशाचा गृहस्थही मागून चढला.

वाटभर माझ्या कानात माझेच शब्द वाजत होते, थांबू नकोस, उठवून पाज. जीप ओढ्यापाशी अडली. तिथून मी धावत सुटले. बहीण बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, हातात चमचा. मी वाटी उडवून दिली. तिला वाटलं मला वेड लागलं.

हंडा कधी भरला? उजाडल्यावर. मेंढरं डोहात कधी उतरली? ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. हंड्याला नाक लावलं, तर वास येतोय म्हणावं तर येतोय, नाही म्हणावं तर नाही. सगळं ओतून दिलं. मग घरात पाजायला थेंब नाही आणि पोराचे ओठ सुकलेले. माझ्या मागोमाग पोचलेल्या बाईनं आपला थर्मास पुढे केला. त्या गृहस्थानंही आपला काढला आणि तिच्या थर्मासशेजारी ठेवला. ते गेल्यावर दिवसभर त्याच पाण्यावर भागवलं. बाळानं मान टाकली की माझी आई त्याच्या छातीला कान लावायची. मी तर देवाधर्माचं काही न मानणारी, पण त्या दिवशी कुणाकुणाची आळवणी केली ते सांगायची सोय नाही. उन्हं कलल्यावर पोरगं खणखणीत रडलं, तेव्हा कुठं आई खाली टेकली.

संध्याकाळी सरपंच आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. मेंढरं त्यांनी दुपारीच डोहातून काढवली होती, स्वतः उभं राहून. येताना वरच्या आळीच्या विहिरीचं पाणी गाडीत घालून आणलं होतं. दाराशी वडील उभे होते. त्यांच्याकडं न बघता ते म्हणाले, "चुकलं. खोटं न्हाई सांगत, तुमची वाडी ध्यानातच आली न्हाई."

वडील म्हणाले, असू द्या.

मी आत गेले आणि मला रडू फुटलं. दिवसभर डोळ्यांत टिपूस नव्हतं. बहीण म्हणाली, आता कशाला रडतीस, बाळ बरं हाय की. तिला काय सांगू? कुठल्या कुठल्या देशांतून आलेल्या माणसांच्या नाकाला वास लागू नये, एवढं बारीक सरपंचांच्या ध्यानात आलं होतं.