धामनोदचा सायलेन्सर

चिंतामणी निंबाळकराबरोबर देवासच्या गिअर कारखान्यात लागलेली माणसं सुपरवायझर झाली, दोघं-तिघं इंदूरला बंगले बांधून बसली, आणि चिंतामणी स्टोअरच्या खिडकीत जिथं बसला होता तिथंच राहिला. कामात खोट काढायला जागा नव्हती. आडनाव तलवारीचं, पण बोलणं असं, की देवघरात कुणी जप करतंय असं वाटावं. कॅन्टीनमध्ये त्यानं चहा मागितला की तो शेजारच्याला मिळे. बसमध्ये "रोकना भिया" म्हणाला की बस पुढच्या चौराह्यावर थांबे. मग हा तेवढं अंतर मागं चालत येई, आणि घरी सांगे, कंडक्टरचं काही चुकलं नाही, गर्दीच होती.

त्याच्या आईला, माईला, याचं नवल नव्हतं. "जन्मला तेव्हा रडलाच नाही हा," ती सांगायची. "सुईणीनं पाठीत धपाटा घातला, तर माझ्याकडं बघून ओशाळला नुसता."

सासुरवाड धारची. संस्थान होतं तेव्हा ते लोक कारभारात होते. संस्थान गेलं, पण आवाज मागं राहिले. मेहुणा उदाजीराव "पाणी आणा" म्हणाला की छपरावरची कबुतरं उडत. एका अधिक महिन्यात चिंतामणी जावयाचं वाण घ्यायला गेला आणि जोडे काढून ओसरीवर उभा राहिला. आत लोक हसत होते, बोलत होते. बऱ्याच वेळानं मोलकरीण केर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "वसुलीवाले हो क्या? मालिक जीम रिया है." मालक आत जेवत होते.

नव्व्याण्णव साली त्यानं जुनी मारुती घेतली. पांढरी, वापरलेली, मालकाला शोभेल अशी. आली-गेली कुणाला कळत नसे.

मग दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात माईला नर्मदेचं स्नान घडवायचं म्हणून सगळे महेश्वरला गेले. येताना धारला मुक्काम ठरला होता. धामनोदला गाडी गतिरोधकावरून उतरली आणि गंजून आधीच पोखरलेला सायलेन्सर खाली पडला. मागून येणारा ट्रक त्याच्यावरून गेला, तेव्हा दुरुस्तीचा विचारही मिटला.

रविवार होता. ढाब्याच्या मागं ट्रकांचं वेल्डिंग करणारा एक उस्ताद सापडला. त्यानं भंगारातून एक जाडसर, चकचकीत नळकांडं ओढून काढलं.

"मारुती का तो आज नी मिलेगा साहब. ये पड़ा है. इंदौर का एक छोरा एस्टीम में लगवा के लाया था. पुलिस पीछे पड़ी तो यहीं उतार गया."

चिंतामणीनं ते डोळ्याला लावलं. पलीकडचा ढाबा स्वच्छ दिसला. आत ना जाळी, ना पडदे.

"यात आवाज अडवायला काहीच नाही की."

"अडाने का काम ही नी है इसका."

"पण हे चालतं का? म्हणजे कायद्यानं?"

"चल री है तो चलती है," उस्ताद म्हणाला. "दो दिन की बात है. देवास जा के बदलवा लेना."

गाडी सुरू झाली तेव्हा ढाब्यावर झोपलेले ट्रकवाले खाटांवर उठून बसले. ऐकू कमी येणारी माई मागच्या सीटवरून म्हणाली, "अगबाई, चालू झाली वाटतं." गाडी चालू झाल्याचं तिला तीन वर्षांत पहिल्यांदाच कळलं होतं.

धारला पोचायच्या आत धारला कळलं. गल्लीत वळेपर्यंत दोन्ही बाजूंची दारं उघडली होती, आणि सासऱ्यांच्या दारात उदाजीराव खांद्यावर टॉवेल टाकून जातीनं उभा होता. "या या, जावईबापू. आम्ही म्हटलं कोण मंत्री आला." पाण्याचा तांब्या आला, भाकरतुकडा ओवाळला गेला. जेवताना उदाजीरावानं त्याला विचारलं, "मग, काय म्हणतोय देवास?" आणि उत्तर ऐकायला थांबला. चिंतामणीकडं उत्तर तयार नव्हतं. इतकी वर्षं लागलंच नव्हतं.

त्या रात्री बायको म्हणाली, "उद्या देवासला गेलो की आधी ते नळकांडं बदला. कान फुटले माझे."

"येत्या रविवारी," चिंतामणी म्हणाला.

तो रविवार तीन वर्षं आला नाही.

कारखान्याचा पहारेकरी गाडी भोपाल चौराह्याला असतानाच दांडा वर करू लागला. कॅन्टीनच्या पोऱ्यानं न मागता कप पुढं ठेवला. गल्लीत पतंग उडवणारी पोरं "निंबाळकर साहब आ रिया है" म्हणत भिंतीला लागत. चिंतामणी बोलायचा पूर्वीसारखाच, ओठातल्या ओठात. पण बोलणारा आत्ताच गडगडाट करून उतरलाय म्हटल्यावर लोक माना पुढं करून ऐकत, आणि पुढं केलेली मान सहसा होकारार्थीच हलते.

मन मात्र त्याला खात होतं. दर सहा महिन्यांनी तो धुराची तपासणी करायला जाई. तिथला माणूस नळी सायलेन्सरात खुपसून यंत्राकडं बघे आणि म्हणे, "गाड़ी एकदम पाक है."

"आणि आवाज?"

"क्या?" गाडी चालूच असे.

चिंतामणी गाडी बंद करून पुन्हा विचारी. "आवाज का खाना ही नी है इसमें, साहब," तो माणूस म्हणे. म्हणजे सरकारनं गाडीचं तोंड हुंगलं होतं, कान लावला नव्हता. चिंतामणी प्रमाणपत्र काचेवर चिकटवी आणि गडगडत घरी येई.

वसाहतीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते प्रतापराव, बँकेतून निवृत्त झालेले. दोन हजार चारच्या निवडीत ते म्हणाले, "सचिव कुणीतरी दणदणीत हवा," आणि सगळ्यांनी चिंतामणीकडं पाहिलं. माईनं त्या दिवशी साखरभात केला. "उशिरा का होईना, रडलास बाबा," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी वसाहतीत पोरांनी ऊत आणला. कुणी बुलेटची पुंगळी काढली, कुणी झेनला ढोलासारखा डबा लावला. संध्याकाळी वाचनालयासमोर या गाड्यांच्या फेऱ्या. मंडळाची बैठक भरली. प्रतापराव म्हणाले, "वाहतूक ठाण्यात तक्रार द्यायची. सचिवांनी पुढं व्हायचं."

चिंतामणी चुळबुळला. "पण माझ्याही गाडीचा जरा..."

"तुमची गोष्ट वेगळी," प्रतापराव म्हणाले. "तो आपल्या घरचा आवाज आहे."

सगळ्यांच्या माना हलल्या. शिष्टमंडळ ठरलं पाच जणांचं, आणि पाच जण मावतील अशी बिनभाड्याची गाडी एकच होती.

ठाण्याचा सूबेदार, म्हणजे तिथला वाहतूक फौजदार, पायऱ्यांवर येऊन उभा होता. कुणी बोलावलं नव्हतं. गाडीच्या आवाजानं तो आपसूक बाहेर आला होता. पाच पांढरपेशे उतरताना त्यानं शांतपणे पाहिलं.

"शिकायत करने आए हो, कि सरेंडर करने?"

आत बसल्यावर प्रतापरावांनी अर्ज वाचून दाखवला. ध्वनिप्रदूषण, वृद्धांची झोप, संस्कार. सूबेदारानं ऐकून घेतलं. "और ये जो बाहर खड़ी है?"

"वो तो अपने सचिव की गाड़ी है."

"सचिव को नियम में छूट है क्या?" सूबेदारानं कपाटातून आवाज मोजायचं यंत्र काढलं. नवं होतं, वरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. त्यानं चिंतामणीला गाडी चालू करायला लावली, यंत्र सायलेन्सरजवळ धरलं आणि आकडा सगळ्यांना दाखवला. कायद्याची हद्द बरीच खाली राहिली होती.

परत आत आल्यावर तो म्हणाला, "देखो साहब, मैं आज ही अभियान चालू कर दूँ. पर पहला चालान इसी गाड़ी का बनेगा, और सायलेन्सर यहीं उतरेगा. नहीं तो आवेदन वापस लो, चाय पियो, घर जाओ."

"चहा घेऊ," प्रतापराव लगेच म्हणाले.

सगळे उठले. चिंतामणी बसून राहिला. सायलेन्सर गेला की काय काय जाईल, हे त्याला स्टोअरच्या मालासारखं पाठ होतं: पहारेकऱ्याचा दांडा, कॅन्टीनचा कप, धारचा भाकरतुकडा, सचिवपद. आणि तरी छातीवरचं काहीतरी हललं होतं. हे चालतं का, असं त्यानं धामनोदच्या उस्तादाला विचारलं, धूरवाल्याला विचारलं, मंडळाला विचारलं. जो तो चालतं म्हणाला. हा पहिला माणूस, ज्यानं प्रश्न नीट ऐकला आणि नाही चालत म्हणून सांगितलं.

"पहिला माझाच करा," तो म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही. वर पंखा खडखडत होता आणि प्रतापराव दारात चपला शोधत होते.

"पहिला चालान माझा करा. मेरा बनाओ."

सूबेदारानं मान वाकडी केली. "पंखा बंद कर रे," तो शिपायाला म्हणाला. "हाँ, बोलो."

"गाडी माझी आहे," चिंतामणी म्हणाला. "चालान बनाओ. आवेदन वापस नी लेना."

प्रतापराव एका पायात चप्पल घालून परत आले. "अहो निंबाळकर, वेड लागलं का? माझ्या पुतण्याची झेनसुद्धा धरतील हे."

"धरूदेत."

"मग एक ऐका. सचिवपद आम्ही मोटारीला दिलं होतं, तुम्हाला नव्हे."

"ते मला ठाऊक आहे," चिंतामणी म्हणाला. प्रतापरावांना ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. शिष्टमंडळ सवाऱ्यांच्या टेम्पोनं घरी गेलं. जाताना टेम्पोवाल्याशी भाड्यावरून भांडलं, ते मात्र ठाण्यात स्पष्ट ऐकू आलं.

समोरच्या मेकॅनिकनं ते नळकांडं उतरवलं आणि मारुतीचा साधा डबा बसवला. चिंतामणीनं किल्ली फिरवली. काही झालं नाही असं वाटून त्यानं पुन्हा फिरवली, तेव्हा स्टार्टर करकरला.

"चालू है साहब," मेकॅनिक म्हणाला. "कब की चालू है."

वसाहतीच्या तोंडाशी केळ्यांचा ठेला आडवा लागला होता. ठेलेवाला पाठ करून गिऱ्हाइकाशी गप्पा मारत होता. चिंतामणी गाडी उभी करून थांबला. हॉर्न वाजवायचं त्याच्या मनात आलं. ठाण्यातून आत्ताच आलो, हेही आलं. त्यानं काच खाली केली.

"भिया, जरा सरकना."

ठेलेवाला हलला नाही. चिंतामणीनं घसा खाकरला, मान बाहेर काढली.

"भिया, गाडी निकालनी है."

ठेलेवाल्यानं वळून पाहिलं, ठेला बाजूला ओढला आणि मग नीट निरखून पाहिलं.

"अरे, निंबाळकर साहब? आप हो? माफ करना, पहचाना नी." तो खिडकीशी आला. "वो अपनी गाड़ी बेच दी क्या?"