मावशींच्या रजिस्टरचे क्रमांक

प्रबंध सादर करायला अठरा दिवस उरले होते. माझ्या यादीत चौदा कामं होती आणि तेरा कामांवर रेघ ओढून झाली होती. चौदावं होतं : मावशींना पेढे.

मी तेव्हा लातूरच्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवत होते. वय बेचाळीस. पीएच.डी.ची नोंदणी नांदेडला, तिला दोनदा मुदतवाढ घेऊन झालेली. मार्गदर्शक सर वर्षभरात निवृत्त होणार होते. महिनाअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सात वर्षं रद्द. त्या सात वर्षांत लातूर-नांदेड एसटीत लोह्यापर्यंत पेपर तपासायचे आणि लोह्यापुढे झोपायचं, असा माझा शिरस्ता झाला होता. शेवटी शेवटी पेपर हातात धरूनच झोप लागायची.

विषय सांगायला सोपा आहे. एकच यादी तीन ठिकाणच्या संगणकांवर असते. तिन्ही ठिकाणी माणसं तिच्यात बदल करत असतात. मधली टेलिफोनची लाइन तुटते, पुन्हा जोडली जाते. जोडल्यावर तिन्ही याद्या सारख्या आणि बरोबर व्हायला हव्यात. दोन नोंदी जुळल्या नाहीत तर खरी कोणती धरायची? मी नियम ठेवला होता : जिच्यावरची तारीख-वेळ नंतरची, ती खरी.

हे तपासायला खरी यादी आणि खरोखर तुटणाऱ्या लाइनी हव्या होत्या. लातुरात दोन्ही मुबलक. भूकंपानंतर ज्या गल्ल्यांत लोक स्लॅबखाली झोपायला घाबरत होते, तिथेच आता तीन-तीन मजल्यांवर अकरावी-बारावीच्या बॅचा भरत होत्या. अशाच एका क्लासच्या लातुरात दोन शाखा होत्या, नांदेडात एक. मालकांनी परवानगी दिली. "मॅडम, काय प्रयोग करायचा तो करा. फक्त माझं एकबी पोरगं गहाळ व्हायला नको."

मुलं रोज बॅच बदलत : सकाळची संध्याकाळला, लातूरची नांदेडला. रात्री लाइन जोडून तिन्ही संगणक एकमेकांना बदल कळवत. दुसऱ्या दिवशी बारा वाजता माझा प्रोग्राम तिन्ही याद्या वर्गातल्या हजेरीशी ताडून बघे. तीन महिने यादी रोज जुळली. सर खूश, मीही.

म्हणून पेढे घेऊन निघाले. मावशी म्हणजे औसा रस्त्यावरच्या शाखेतल्या नोंदणीच्या टेबलावरच्या बाई. माझ्याच वयाच्या, सातवी शिकलेल्या. सगळी मुलं मावशी म्हणत म्हणून मीही म्हणे. एरवी मी तिथे संध्याकाळी जायची. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती, सकाळी नऊलाच गेले. मावशी मांडीवर लांबुडकं रजिस्टर घेऊन त्यात बघत बघत संगणकात नावं भरत होत्या.

"नवीन प्रवेश का?" मी विचारलं.

"न्हाई ओ. कालचीच हायत. रात्री गळून गेली."

"गळून म्हणजे?"

"दुपारी लाइट जाऊन आली की ह्या मशीनची तारीख लई मागं जातीय. माझ्या लग्नाच्या बी आधीची दाखवतंय. मंग त्याच्यानंतर घातलेली नावं सकाळपत्तोर परत जुन्या बॅचला जाऊन बसत्यात. म्या आले की आधी तारीख नीट करते, आन् रजिस्टर बघून एक एक घालते."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

"मला सांगितलं का नाही, मावशी?"

"तुमी आभ्यास करायलाव. म्हनलं, कशाला तुमच्या डोक्याला तरास."

मी स्टुलावर बसले. संगणकातला बटणाएवढा सेल मेला होता. वीज गेली की त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. माझा नियम नंतरची तारीख बघायचा, म्हणून मावशींची ताजी नोंद त्याला सर्वांत जुनी वाटायची आणि तो ती टाकून द्यायचा. सकाळी मावशी ती पुन्हा घालायच्या. बारा वाजता माझा प्रोग्राम यायचा आणि सगळं ठीक आहे म्हणायचा. तीन महिन्यांचे माझे निकाल माझ्या पद्धतीचे नव्हतेच, मावशींचे होते.

"पन घालायला पायजेच ना," त्या म्हणाल्या. त्यांचं औशाकडचं गाव भूकंपात गेलं होतं, एवढं मला माहीत होतं. "तवा पत्र्याचे शेड वाटायला रोज यादी वाचायचे. आमचं नाव न्हाई. तीन दिवस लेकीला कडंवर घिऊन उभी. त्यो कारकून म्हनायचा, यादीत न्हाई, बाजूला व्हा. जित्ती मानसं ओ आमी." मग पेढ्यांचा पुडा बघून, "झालं का तुमचं? डाक्टर झाल्या?"

"नाही," मी म्हटलं आणि पुडा तसाच पर्समध्ये ठेवला.

तिथूनच सरांकडे जायला नांदेडची एसटी धरली. अहमदपूरपर्यंत विचार केला. मी गप्प बसले तर कुणाला कळणार नव्हतं. अहमदपूरनंतर विचार करायचाही कंटाळा आला.

नांदेडात सरांनी सगळं ऐकून घेतलं. "सेल बदला की. दहा मिनिटांचं काम."

"सेल बदलला तरी नियम चुकीचाच राहतो, सर. उद्या दुसऱ्या मशीनचा मरेल."

"अहो, परीक्षक बाहेरचे येणार. त्यांना तुमच्या मावशी कुठं भेटायला बसल्यात?"

"मला भेटतात ना. आठवड्यातून दोनदा."

सरांनी माझी फाइल मिटून परत दिली. मग म्हणाले, "उगाच हट्टी विद्यार्थीण घेतली. करा मुदतवाढीचा अर्ज. मिळेलच असं नाही, सांगून ठेवतो."

अर्जाचा नमुना शोधावा लागला नाही. आधीच्या दोन्हींची झेरॉक्स पर्समध्ये होती. मंजुरी यायला पाच आठवडे गेले. तोवर मी प्रबंधातलं एकही पान उघडलं नाही.

प्रयोग पुन्हा करायचा तर मेलेला सेल तसाच ठेवायला हवा होता, आणि मावशींनी हात लावायला नको होता. त्या ऐकेनात. "पोरगी समोर वर्गात बसून हाय आन् मशीन म्हनतंय न्हाई. आन् म्या बगत बसू?" शेवटी ठरलं : गळलेलं नाव संगणकात घालायचं नाही, पण रजिस्टरात लाल शाईने लिहायचं, आणि वर्गात रजिस्टर वाचायचं. पहिल्या आठवड्यातच लाल शाईचं एक पान भरलं. ते पान वाचताना माझं लक्ष डावीकडच्या रकान्याकडे गेलं. मावशी वेळ लिहीतच नव्हत्या. प्रत्येक नोंदीला पुढचा क्रमांक द्यायच्या. लाइट जावो नाहीतर येवो, क्रमांक मागे जात नाही.

हे काही नवीन नव्हतं. घड्याळावर विसंबू नका, नोंदींना क्रमांक द्या, हे मी पहिल्याच वर्षी वाचलं होतं, टिपणही काढलं होतं. माझ्या यादीत ते 'नंतर बघणे' या मथळ्याखाली सहा वर्षं पडून होतं.

पद्धत बदलायला, चुका काढायला आणखी आठ महिने गेले. शाखेने आपल्या नोंदींना क्रमांक द्यायचे, दुसऱ्या शाखेचा बदल आला की त्याच्या क्रमांकाच्या पुढून मोजायचं. हळूहळू लाल शाई कमी झाली, मग थांबली. सर निवृत्त होण्याच्या आदल्या महिन्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी मावशींबद्दल काहीच विचारलं नाही, आलेख नीट काढलेत एवढं म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात ताजे पेढे घेऊन औसा रस्त्यावर गेले. मावशींनी एक तोंडात टाकला, उरलेले मुलांसाठी झाकून ठेवले.

"मंग आता गळत न्हाईत ना नावं?"

"नाही गळत. तपासलंय."

त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. "म्हंजी आता म्या हे लिहू नको?"

माझ्या हातात दोनशे दहा पानांचा प्रबंध होता. रजिस्टरची गरज नाही, असंच त्यात सिद्ध केलं होतं.

"लिहा, मावशी," मी म्हटलं.

"तेच म्हनलं," त्या म्हणाल्या आणि पुढचा क्रमांक घातला.