वाळवीच्या नावावर

वनस्पतिशास्त्राचे कानडे सर रस्त्यानं चालताना समोर कधी बघत नसत. मान खाली, आणि मधेच उकिडवे बसत. मी कॉलेजात नवा शिपाई लागलो त्या हप्त्यात ते असेच वाटेत बसलेले दिसले. किल्ली पडली असेल म्हणून मीही शेजारी बसून धुंडाळू लागलो.

"काय हरवलं, सर?"

"काही न्हाई. हे गवत मागच्या हप्त्यात हितं नव्हतं. तुमी काहून बसलात?"

मी चौथी शिकलेला माणूस, पण प्राध्यापक लोक वीस-बावीस वर्षं जवळून पाहिले. बहुतेक हिंगोलीहून जीपनं यायचे. चार वाजले की पिशवी घेऊन फाटकाशी उभे. वाईट नव्हते. कुणाची बायको तिकडं नोकरीला, कुणाची लेकरं तिकडं शाळेत. पण त्यांचं अर्धं आयुष्य जीपमध्ये गेलं आणि उरलेलं जीपच्या बोलण्यात. सर मूळचे कुरुंद्याचे, पण कॉलेजच्या गावातच दोन खोल्या घेऊन राहिले. बाकीचे म्हणायचे, "सर, हितं काय ठेवलंय?" सर म्हणायचे, "चारनंतर मला दिवस उरतो. तुमाला फक्त रस्ता उरतो."

देवमाणूस वगैरे नव्हते. चहा कोमट मिळाला की भांडायचे. घरच्या बाईंना कधी नांदेडसुद्धा दाखवलं नाही, ते बाई चारचौघांत ऐकवायच्या. पोरानं झाड मुळासकट आणलं नाही तर त्याला उभं करायचे, "मुंडकं आणलंस, माणूस कुठाय?"

अकरा वर्षं त्यांनी या भागातली झाडं जमवली होती. झाड दाबून वाळवायचं आणि जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचं, वर त्याची माहिती लिहायची. असे गठ्ठे प्रयोगशाळेतल्या कपाटावर होते. त्यावरच त्यांची प्रपाठकाची बढती ठरायची होती.

त्या वर्षी विद्यापीठाची समिती आली. प्राचार्य म्हणाले, "मारोतराव, कुठं रद्दी दिसता कामा नये." मागं अंगणात समितीचा स्वयंपाक चालला होता, लाकडं ओली, आचारी शिव्या देऊन राहिला होता. मी कपाटावरचे गठ्ठे काढले आणि चुलीत घातले. आत वाळका पाला होता, म्हणून झकास पेटले.

दुपारी सरांनी विचारलं, "कपाटावरचे गठ्ठे?" मी चुलीकडं बोट केलं. ते तिथं गेले. काडीनं राख हलवली. मग म्हणाले, "पाव्हणे जेवले का?"

"जेवले."

"मग बरं."

प्राचार्यांना त्यांनी सांगितलं, वाळवी लागली होती, मीच जाळायला लावलं. मी तेव्हा कच्चा नोकर, कायम व्हायची ऑर्डर त्याच महिन्यात यायची होती. मी म्हणालो, मी जाऊन खरं सांगतो. सर म्हणाले, "सांगा. तुमची नोकरी जाईल आन मी खोटारडा ठरीन. एका चुलीत किती जाळता? गप बसा."

घरी बायकोला, गयाला सांगितलं. ती धनगराची लेक, जन्म शेळ्यांमागं गेलेला. म्हणाली, "पाल्याला रद्दी म्हणता? कधी शेळ्या राखल्या असत्या तर कळलं असतं." आणि सकाळी पदरात झाडं घेऊन सरांच्या दारात उभी.

"सर, हे जळलेल्यात व्हतं का?"

सरांनी एकेक हातात घेऊन पाहिलं. तरोटा, कुर्डू, रानातली दुधी. मग एका बारक्या वेलापाशी थांबले. "हे व्हतं म्हणायला मला लाज वाटते, बाई. हे मला कधी सापडलंच न्हाई."

तिथून चार वर्षं पुन्हा झाडं जमवणं चाललं. काही झाडं वर्षात पंधरा दिवसच उगवतात, चुकली की वर्षभर थांबा. रोज सकाळी साखऱ्याच्या माळावर पुढं शेळ्या, मागं गया, तिच्या मागं सर. पुढं सरांच्या बाईही यायला लागल्या. म्हणाल्या, "नांदेड न्हाई तर माळ तरी बघू." मी डबे घेऊन जायचो. इतकं हसणं माझ्या घरात आधी नव्हतं.

बढतीच्या मुलाखतीला मात्र सर एकदा रिकाम्या हातानं जाऊन परत आले. मागून लागलेले पुढं गेले. सरांना बढती मिळाली ती निवृत्तीच्या दोन वर्षं आधी.

निरोपाच्या दिवशी गया म्हणाली, "त्यांनी तुमच्यापायी लई वर्षं खोटं सांभाळलं. आता तरी त्यांच्या डोक्यावरून उतरवा." सगळे बोलून झाल्यावर मी उठलो. म्हणालो, "वाळवी लागली नव्हती. सरांचे गठ्ठे मी जाळले. माझी नोकरी वाचावी म्हणून सर खोटं बोलले."

प्राचार्यांनी सरांकडं पाहिलं. "सर, मग ते वाळवीचं?"

सर म्हणाले, "वाळवीनं कधी तकरार केली न्हाई."

सगळा हॉल हसला. बाई आणि गया तर एकमेकींवर कलंडल्या. सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मला वाटलं, तुमी हे संगं घेऊनच वर जाल."

सर वारले त्याला आता तीन वर्षं झाली. गया मागच्या वर्षी गेली. घर खायला उठतं, भाकर गोड लागत नाही. पण त्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर आता कुणापुढं उघडलं असतं? झोप मात्र लागते.