नरसक्काला दिलेले साडेतीन गुण

बुधवारी दुपारी तीन वाजता माझी सहा कॉमिक्स वाचून झाली होती आणि सातवं बाकी होतं. पाच वाजता सगळ्यांचे गुण पुण्याला जायला हवे होते. सातव्याचं नाव ‘नरसक्काचा पाठलाग’. चित्रं आणि लेखन श्रीलता नावाच्या मुलीचं, आणि नावाखाली बारीक अक्षरात गाव लिहिलं होतं : सोलापूर. ते गाव वाचलं आणि माझ्या कपाळाला आठी पडली.

का पडली ते सांगण्याआधी माझं काम सांगतो. कॉलेजच्या लायब्ररीतून निवृत्त झाल्यावर मी पुण्याच्या एका साइटसाठी कॉमिक्सची परीक्षणं लिहायला लागलो. दर आठवड्याला हिंदी, इंग्रजी आणि अधूनमधून मराठी अशी नवी कॉमिक्स बाजारात येतात. त्यातली सात मी निवडतो, प्रत्येकावर दहा-बारा ओळी लिहितो आणि शेवटी दहापैकी गुण देतो. याला आमच्यात रेटिंग म्हणतात. पुस्तक दुकानात पोचण्याआधी प्रकाशक त्याची पीडीएफ मेलवर पाठवतो, ती रिव्ह्यू कॉपी. निवृत्त माणूस दिवसभर कॉमिक्स वाचत बसतो, हे काम आहे यावर आमच्या सोसायटीत अजून कुणाचा विश्वास नाही.

गुण देण्यात माझा हात आखडता आहे. सात दिले तर प्रकाशक पेढे वाटतात म्हणे. याचा मला थोडा गर्वच होता. दुकानदार परीक्षण वाचत नाहीत, फक्त आकडा बघतात. चारच्या खाली असेल तर पुस्तक पुन्हा मागवत नाहीत. म्हणजे दहा ओळी मी कितीही जीव ओतून लिहिल्या तरी काम करतो तो आकडाच.

आता त्या आठीबद्दल. लोक म्हणतात, आपला तो बाब्या. माझं उलटं होतं. मी सोलापूरचाच. गावातलं कुणी समोर आलं की मला धास्ती वाटायची, उद्या कुणी म्हणायला नको की सोलापूरकर म्हणून गुण वाढवले. त्यामुळे आपल्या बाब्यालाच मी जास्त बदडायचो आणि त्याला निःपक्षपातीपणा म्हणायचो.

एरवी मी प्रत्येक कॉमिक दोनदा वाचतो. एकदा वाचक म्हणून, एकदा चुका शोधायला. ‘नरसक्का’ एकदाच वाचलं, तेही लॅपटॉपवर एकेक पान सरकवत. गोष्ट झकास सुरू झाली. गल्लीतल्या चादरीच्या कारखान्यातून नव्या डिझाइनचा कागद चोरीला जातो आणि यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरणारी नरसक्का चोराच्या मागे लागते. पहिली अकरा पानं उत्तम. पुढे सगळा घोळ. नरसक्का एक प्रश्न विचारते, समोरचा भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो. पानाच्या तळाशी चोराची कॉलर तिच्या हातात येते आणि पुढच्या पानाच्या वर तो पुन्हा पळताना दिसतो. चित्रं कडेला कापल्यासारखी. एका ठिकाणी तर बैलाचं फक्त तोंड होतं.

मी लिहिलं, ‘पात्रं भलत्या प्रश्नांना उत्तरं देतात. पकडलेला चोर पुढच्या पानावर आपोआप सुटतो. चित्रं चौकटीत बसवण्याचा सराव लेखिकेला अजून हवा.’ आणि गुण दिले साडेतीन.

केतकी आमची संपादक. वयानं माझ्या मुलीएवढी, पण साइट तीच चालवते. तिचा फोन आला. साडेतीन जरा कमी होत नाहीत का, असं तिनं विचारलं. पहिलंच पुस्तक आहे, मुलगी तुमच्याच गावची आहे, असंही म्हणाली. मी म्हणालो, गावची आहे म्हणूनच दोनदा विचार करून दिलेत. दोनदा विचार केला होता, हे खरं. वाचलं एकदाच होतं. गुरुवारी परीक्षण साइटवर आलं.

शनिवारी सकाळी मी सोलापूरच्या नवी पेठेत मल्लिनाथअण्णांच्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. कागद आणि छपाई बघायला मी आठवड्यातून एकदा तिथे जातोच. अण्णा घरात कानडी बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी आणि हिशेबाच्या वहीशी काहीच बोलत नाहीत. कॉमिक्सला ते ‘पोरांची पुस्तकं’ म्हणतात. त्या दिवशी मात्र ते स्वतः एक पुस्तक उघडून बसले होते, दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवून. ‘नरसक्काचा पाठलाग’ होतं.

“सर, ह्याला तुमी साडेतीन दिलाव?”

मी मान डोलावली आणि कारणंही सांगितली. चोर कसा आपोआप सुटतो वगैरे.

अण्णांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं. “सुटत न्हाय की. हितं बघा.” त्यांचं बोट डाव्या पानाच्या वरच्या ओळीवरून निघालं, मधली घडी ओलांडली आणि उजव्या पानाच्या कडेपर्यंत गेलं. “हे असं आडवं वाचायचं. मग खालची ओळ. तीबी हितनं तितपर्यंत.”

समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एकच चित्र असतं, त्याला आमच्या धंद्यात स्प्रेड म्हणतात. ही व्याख्या मी स्वतः एका कार्यशाळेत कॉलेजच्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवलेली आहे. बाराव्या पानापासून पुढचं जवळजवळ सगळं पुस्तक स्प्रेडमध्ये होतं. प्रश्न डाव्या पानावर, उत्तर उजव्या पानावर, त्याच ओळीत. बैलाचं तोंड डावीकडे आणि बाकीचा बैल उजवीकडे, गाडीसकट. चोर वरच्या ओळीत पळत होता, मधल्या ओळीत अडखळत होता आणि शेवटच्या ओळीत सापडत होता. मी प्रत्येक ओळ अर्धी वाचली होती आणि उरलेली अर्धी नंतर.

मी उभ्याउभ्याच सगळं वाचलं. लाज वाटली, आणि अण्णांचा थोडा रागही आला, कारण त्यांना जे पहिल्या फटक्यात दिसलं ते मला दिसलं नव्हतं.

अण्णांनी पुढचं सांगितलं ते जास्त वाईट होतं. श्रीलता आदल्या दिवशी दुकानात येऊन गेली होती. प्रकाशक दुसरा भाग याच वर्षी काढणार होता. तिची निम्मी चित्रं तयारही होती. परीक्षण आल्यावर त्यानं कळवलं की तूर्तास थांबू. “रडलीबिडली न्हाय,” अण्णा म्हणाले. “भिंतीवरचा तिचा पोस्टर तेवढा काढून नेला.”

घरी आलो आणि केतकीला फोन लावला. आकडा बदलायचाय म्हणालो.

“सर, छापून आलेला आकडा बदलायचा नाही, हा नियम तुमचाच आहे.”

होता. तीन वर्षांपूर्वी मीच हट्टानं करून घेतला होता, कारण अर्ध्या गुणासाठी प्रकाशकांचे फोन यायचे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी म्हणालो, मत बदललं म्हणून मी आकडा बदलत नाहीये, मी पुस्तकच वाचलेलं नाही. मग केतकीनं एक वाट सुचवली. पीडीएफ एकेका पानाची होती ना? मग ‘प्रकाशकाने पाठवलेल्या सदोष प्रतीमुळे’ असं लिहून दुरुस्ती देऊ. तुमचंही नाव राहील.

मला ते एकदम पटलं, हे कबूल करतो. प्रकाशकानं सांगायला नको होतं का? मी मनातल्या मनात वाक्यही जुळवायला लागलो.

“फक्त त्यांच्या मेलमध्ये तशी काही सूचना नव्हती ना, तेवढं बघा,” केतकी म्हणाली.

मी मेल उघडली. बुधवारी मी त्यातली फक्त फाइल उतरवून घेतली होती, मजकूर वाचला नव्हता. मजकूर चार ओळींचा होता. तिसरी ओळ अशी होती : बाराव्या पानापासून पुढे कृपया दोन पाने शेजारी ठेवून वाचावे.

नाचता येईना आणि अंगण तर अगदी सपाट होतं. मी केतकीला ती ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, “मग पहिल्याच वाक्यात लिहा, चूक माझी आहे. तसं लिहिणार असाल तर मी नियम मोडते. गोलगोल लिहिलंत तर नाही.”

परीक्षकानं लेखकाला भेटू नये हाही माझा एक नियम. मोडायचाच तर दोन्ही मोडू म्हणून अण्णांकडून पत्ता घेतला आणि रविवारी स्कूटरवर गावाबाहेरच्या कुंभारीला गेलो. श्रीलता तिथल्या कामगारांच्या घरकुलात राहते. आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिनं मुलीला तेलुगूत हाक मारली आणि मला खुर्ची दिली. श्रीलता पंचविशीची असेल. नोकरी टॉवेलच्या कारखान्यात, डिझाइन काढायची.

मी कोण ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “व्हय, माहिताय.”

मी चूक सांगितली, मेल न वाचल्याचंही सांगितलं. ती ऐकत होती. मग मी विचारलं, असं दोन्ही पानांवर आडवं काढायचं कुठून सुचलं?

तिनं आतून चौकटीचा एक मोठा कागद आणून पसरला. टॉवेलचं डिझाइन होतं. असल्या कागदावर एकेक चौकट रंगवून डिझाइन काढतात आणि मागावर ते ओळीओळीनं विणलं जातं. “आडवा धागा ह्या काठातनं निघाला की त्या काठालाच जातोय, सर. मधी थांबत न्हाय. मला पानबी तसंच दिसतंय. मधी घडी हाय म्हणून थांबायचं, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाय.”

लायब्ररीत अठ्ठावीस वर्षं मी पुस्तकांना पाठीमागून, कण्यावरच्या नंबरानं ओळखत आलो. उघडं पुस्तक कापडासारखा एक अख्खा पन्हा असतो, हे मला कधी वाटलं नव्हतं. मला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं आणि मी ते बोलून दाखवलं. उद्याच आकडा बदलतो, चांगला भक्कम देतो, असंही म्हणून गेलो.

“भक्कम नको,” ती म्हणाली. “तुमाला वाईट वाटलं म्हणून आठ दिलाव, तर तेबी न वाचताच दिल्यासारखं हाय. वाचा, मग काय ते द्या.”

चहा पिऊन मी निघालो. स्कूटर चालू करताना लक्षात आलं की इतक्या वर्षांत मला माझं काम इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी ‘नरसक्का’ दोनदा वाचलं, अण्णांकडून आणलेली छापील प्रत, टेबलावर पसरून. पाठलाग अप्रतिम होता. काही पानांवर वरच्या ओळीत चोर, खालच्या ओळीत नरसक्का आणि मधल्या ओळीत अख्खी गल्ली, असं एकाच वेळी तिन्ही चाललेलं मी फार कमी कॉमिक्समध्ये पाहिलंय. पण शेवटची सहा पानं घाईत उरकली होती. चोरानं चोरी का केली ते संवादाच्या एका फुग्यात कोंबून टाकलं होतं, आणि अक्षर इतकं बारीक की चष्मा लावूनही पुस्तक नाकाजवळ धरावं लागलं. मी साडेसहा दिले. सात द्यायचा मोह झाला होता, पण तिचं बोलणं आठवलं आणि हात आवरला.

दुरुस्तीचं पहिलं वाक्य लिहायला मला बाकीच्या परीक्षणापेक्षा जास्त वेळ लागला. ते असं होतं : ‘मागच्या आठवड्यात या पुस्तकाला दिलेले साडेतीन गुण चुकीचे होते, कारण मी ते नीट वाचलं नव्हतं, चूक माझी आहे, लेखिकेची किंवा प्रकाशकाची नाही.’ सोमवारी ते साइटवर आलं. मंगळवारपासून इतर प्रकाशकांच्या मेल सुरू झाल्या, आमचंही पुस्तक तुम्ही नीट वाचलं नसावं. ती सगळी पुस्तकं मी पुन्हा वाचली. नीटच वाचली होती. तसं प्रत्येकाला कळवलं.

अण्णांनी ‘नरसक्का’ पुन्हा मागवलं. पोस्टर परत लागलं. गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण प्रकाशक छोटा, वर्षात चारच पुस्तकं काढणारा. श्रीलताच्या दुसऱ्या भागाची जागा त्यानं शनिवारीच दुसऱ्या एका लेखकाला देऊन टाकली होती, आणि दिलेला शब्द तो फिरवू शकत नव्हता. दुसरा भाग पुढच्या वर्षी, असं त्यानं तिला कळवलं. साडेतीनचा आकडा साइटवर जेमतेम चार दिवस होता. माझी चूक चार दिवसांत दुरुस्त झाली, भरपाई तिनं वर्षभर केली.

गुण देणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की आपल्या चुकीचा हप्ता बहुधा दुसराच भरतो. मी आता आधी मेल वाचतो, मग पुस्तक.

गेल्या महिन्यात दुसरा भाग आला. या वेळी मेल प्रकाशकाची नव्हती, श्रीलतानं स्वतः पाठवली होती. पीडीएफ दोन-दोन पानांची होती. सोबत एकच ओळ होती :

‘सर, सावकाश वाचा. मी वर्षभर थांबलेय.’