सिनेमातला लाल उजेड

भिलाईत पोलाद कारखान्याची भट्टी नवीनच सुरू झाली होती. शेजारच्या वहिनीसंग मी पहिल्यांदा रंगीत सिनेमा पाह्यला. त्यात कोणी मरणार असलं का भिंतीवर लाल उजेड पडे. कोणी सांगे नाही, पण मले समजे.

बाहेर आलो तं कारखान्यावरचं आभाळ तसंच लाल! अन् हे ड्युटीवर. लेकराले कडेवर घेऊन मी पळतच सुटली.

"अवो, भट्टीचा तापलेला मळ ओतून राहिले, त्याचा उजेड हाय तो!" वहिनी मागून ओरडली. "तुह्या नवऱ्याले काई नाही झालं!"

मले पटेच ना. यांची पाळी सुटेपर्यंत मी गेटजवळ बसून राहिली.

हे बाहेर आले. "कावून आली? पोराले ताप हाय का?"

"नाही," म्हटलं. लेकरू त्यांच्याजवळ देल्लं अन् तिथंच रडली. सिनेमाचं काई मले सांगता नाही आलं.